रात्रीची ऊब आणि रात्रीचा अंधार

थंडीची चाहूल लागली की या सदराकडे येणाऱ्या प्रश्नांचा रोखही बदलतो. लोकरीचे कपडे कसे धुवावेत, कुंड्यांतील तुळस हिमकाळात कशी जगवावी, आजीच्या सांध्यांना कोणता शेक द्यावा, अशा नित्याच्या प्रश्नांत अलीकडे एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. घरात पाळलेल्या कासवासाठी, सरड्यासाठी किंवा अजगरासाठी रात्री कोणता दिवा लावावा? विचारणारे बहुधा आईवडील असतात. प्राणी मुलाचा, हट्टही मुलाचा. पण मुले झोपी गेल्यावर त्या काचेच्या पेटीवरील दिवा चालू ठेवावा की मालवावा, हा विचार शेवटी मोठ्यांनाच करावा लागतो. दुकानदार तांबडा दिवा पुढे करतो, शेजारी निळा सुचवतो, आणि घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, “देवघरातला झीरोचा बल्ब लावा की, त्यात काय एवढे!”

आमचे उत्तर आरंभीच सांगून टाकतो. रात्री दिवा कोणताच लावू नये. ऊब लागत असेल तर ती अवश्य द्यावी. परंतु उजेडाविना द्यावी. या एका वाक्यात आमचे सर्व म्हणणे आले. मात्र घरातील जित्या जिवाचा प्रश्न असल्यामुळे नुसते वाक्य पुरेसे नाही. त्यामागील कारणे आणि त्यानुसार करावयाची व्यवस्था दोन्ही समजून घेतली पाहिजेत.

प्रथम कायद्याविषयी थोडेसे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडील बहुतेक देशी कासवे, घोरपड, अजगर इत्यादींना संरक्षण दिले आहे. पाठीवर चांदण्यांसारखी नक्षी असलेले चांदणी कासव घरात ठेवल्याने लक्ष्मी नांदते, ही समजूत अजून पुष्कळ घरांत आढळते. ते कासव पाळणे गुन्हा आहे, आणि २०१९ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही सर्वांत कडक निर्बंध लागू आहेत. देवळाच्या सभामंडपातील दगडी कासवाला आपण नमस्कार करतो, तेवढ्यावर भागवावे. परदेशी प्राण्यांपैकी बॉल पायथन आणि हिरवा इग्वाना यांच्यासारखे जे प्राणी आंतरराष्ट्रीय संरक्षित यादीत आहेत, त्यांची नोंद करणे कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीने आणि २०२४ च्या नियमांनी आवश्यक केले आहे. ज्यांच्या घरी असा प्राणी आहे त्यांनी दिव्याच्याही आधी त्याच्या कागदपत्रांची चौकशी करावी. पुढील सर्व विवेचन कायदेशीरपणे पाळलेल्या परदेशी प्राण्यांपुरते आहे. त्यांत आपल्या घरांतून सर्वाधिक दिसणारे म्हणजे कानामागे तांबडा पट्टा असलेले अमेरिकेतील पाणकासव, ज्याला दुकानात स्लायडर म्हणतात. आणि त्यानंतर ऑस्ट्रेलियातील बिअर्डेड ड्रॅगन हा सरडा.

आता मूळ विषय. आपण जेवतो त्या अन्नाचा मोठा भाग शरीर ऊबदार राखण्यातच खर्ची पडतो. सरपटणाऱ्या प्राण्यांचे तसे नाही. ते आपली ऊब बाहेरून घेतात. सकाळी कुंपणावर ऊन खात बसलेला सरडा आळसाने बसलेला नसतो; तो त्या दिवसाची शिदोरी गोळा करीत असतो. अंग तापले की तो धावतो, भक्ष्य पकडतो आणि ते पचवतो. अंग पुरेसे तापले नाही तर पोटातील अन्न पचत नाही, प्रसंगी ते आतच कुजते. रोगाशी झुंजण्याची शक्तीही मंदावते. म्हणून पेटीतल्या प्राण्याला ऊब हवी, हे म्हणणे अगदी रास्त आहे.

परंतु निसर्गात ही ऊब दिवसा मिळते. सूर्य मावळला की जमीन निवते, हवा गार होते आणि प्राण्याचे शरीरही हळूहळू थंडावते. हे थंडावणे म्हणजे त्याच्यावर ओढवलेले संकट नव्हे. ती त्याची विश्रांती आहे. बिअर्डेड ड्रॅगन जेथून आला त्या मध्य ऑस्ट्रेलियातील ॲलिस स्प्रिंग्ज येथे जुलै महिन्यात पहाटेचे तापमान सरासरीने ४ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरते. तो सरडा त्या वेळी उघड्यावर नसतो; बिळात किंवा दगडाच्या आडोशाला असतो आणि तेथे इतका गारठा पोचत नाही. म्हणून त्याला पेटीत ४ अंशांत ठेवावे असा याचा अर्थ मुळीच नाही. अर्थ इतकाच की चोवीस तास एकसारखा तापलेला राहण्यासाठी त्याचे शरीर घडलेलेच नाही.

मग रात्री किती तापमान असावे? बिअर्डेड ड्रॅगनला १८ ते २२ अंश पुरतात. बॉल पायथन हा पश्चिम व मध्य आफ्रिकेतील बिळांत राहणारा अजगर. त्याला २२ ते २५ अंश हवेत. हिरव्या इग्वानालाही साधारण तितकेच. स्लायडर कासवाच्या बाबतीत हवेपेक्षा पाण्याकडे पाहावे. ते २४ ते २६ अंश असावे, आणि अगदी लहान पिलांसाठी एखाददुसरा अंश अधिक. आजारी अथवा अशक्त प्राण्याची गोष्ट निराळी. त्याच्यासाठी पशुवैद्य सांगतील तेच प्रमाण.

हे आकडे हाती आल्यावर आपल्या गावाकडे वळू. आपली मराठी घरे दूरदूरच्या मुलखांत पसरली आहेत आणि त्यांचे हवामान एकसारखे नाही. जानेवारीत ग्वाल्हेरचे किमान तापमान सरासरीने ७ अंशांच्या आसपास असते, इंदूरचे १०, बडोद्याचे १२ ते १३, बेळगावचे १४, हैदराबादचे १५ ते १६, तर पणजीचे २० अंशांच्या घरात. हे बाहेरचे आकडे झाले. बंद खोलीत तापमान त्याहून काही अंशांनी अधिकच असते. यावरून दिसेल की गोव्यातील घरात बिअर्डेड ड्रॅगनला रात्री कोणत्याही उपकरणाची बहुधा गरज पडणार नाही. ग्वाल्हेरच्या जुन्या वाड्यातील, दगडी भिंतींच्या खोलीत मात्र दोन-अडीच महिने ती नक्कीच पडेल. तेव्हा ग्वाल्हेरच्या मामाने घेतले म्हणून पणजीच्या भाच्याने तेच विकत घेऊ नये. खरेदीपूर्वी एक साधा थर्मामीटर पेटीच्या तळाशी, प्राणी जेथे निजतो तेथे ठेवावा, आणि सलग तीन दिवस पहाटे पाचच्या सुमारास तो पाहावा. पंधरा मिनिटांचे हे काम कित्येकांचा पुष्कळ खर्च वाचवील.

आता उजेडाचा प्रश्न. जुन्या पिवळ्या बल्बमध्ये वीज तारेला तापवी आणि तापलेली तार प्रकाशे. त्यात खर्च होणाऱ्या विजेपैकी जेमतेम पाच टक्के विजेचा उजेड होई. बाकीची बहुतेक उष्णताच. म्हणून पिढ्यान् पिढ्या कोंबडीची पिले, मांजराची पिले बल्बखाली ठेवून जगवली गेली, आणि ‘ऊब म्हणजे बल्ब’ असे समीकरण आपल्या मनात पक्के बसले. एलईडी दिवे आल्यापासून हे समीकरण एका बाजूने मोडले आहे. एलईडीचा दिवा उजेड भरपूर देतो, पण त्याच्याखाली ठेवलेल्या प्राण्याला ऊब जवळजवळ मिळत नाही. ज्या घरांत वीज वाचवण्यासाठी सरसकट सर्व बल्ब बदलले गेले, तेथे पेटीवरचाही बदलला गेला असल्यास तो प्राणी लख्ख उजेडात काकडत बसलेला असेल. आम्ही म्हणतो ते समीकरण दुसऱ्या बाजूनेही मोडावे. उजेडाविना ऊब देणारी साधने आज मिळतात. रात्री तीच वापरावीत.

येथे तांबड्या दिव्याचे समर्थक आडवे येतात. सरपटणाऱ्या प्राण्यांना तांबडा रंग दिसत नाही, म्हणून तांबडा बल्ब त्यांच्या दृष्टीने अंधारच, असे त्यांचे म्हणणे असते. ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली आहे की ती खरी वाटू लागते. पण ती खरी नाही. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात. कासवाच्या व बहुतेक दिवसा हिंडणाऱ्या सरड्यांच्या डोळ्यांत त्या चार प्रकारच्या असतात, आणि आपल्याला न दिसणारे काही अतिनील किरणही त्यांना दिसतात. स्लायडर कासवाची तांबडा ओळखणारी पेशी ६२० नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देते. आपली तशीच पेशी ५६० च्या आसपास. म्हणजे तांबड्याच्या बाबतीत कासवाची नजर आपल्याहून तीक्ष्णच म्हणावयाची. ज्या प्राण्याला तांबडा दिसत नाही असे सांगून हा दिवा विकला जातो, त्यालाच तो आपल्यापेक्षा चांगला दिसतो.

निळा दिवा ‘चांदण्याचा’ म्हणून विकतात. पौर्णिमेचे चांदणे मोजले तर ते एक लक्सही भरत नाही. फूट-दीड फुटावर लावलेला निळा बल्ब त्याच्या कित्येक पट उजेड देतो. निशाचर प्राण्यांना तर तो आणखीच प्रखर वाटत असला पाहिजे. स्वीडनमधील लीना रोथ व आल्मुट केल्बर यांनी २००४ मध्ये एका जातीच्या निशाचर पालीवर प्रयोग करून दाखवले, की जेथे आपल्याला सर्व काही करड्या रंगाचे दिसते अशा मंद चांदण्यातही ती पाल रंग ओळखते. तिच्या डोळ्याची संवेदनक्षमता माणसाच्या रंगदृष्टीच्या सुमारे ३५० पट असल्याचा त्यांचा निष्कर्ष आहे. असे डोळे घेऊन जन्मलेल्या प्राण्याच्या डोक्यावर रात्रभर बल्ब जाळणे म्हणजे काय, याची कल्पना वाचकांनीच करावी.

शिवाय प्रकाश केवळ या दोन डोळ्यांनीच जाणला जातो असे नाही. बिअर्डेड ड्रॅगन, इग्वाना अशा अनेक सरड्यांच्या माथ्यावर मधोमध एक बारीकसा फिकट ठिपका असतो. त्याला शास्त्रज्ञ तिसरा डोळा म्हणतात. त्याने आकृती दिसत नाही. परंतु उजेड आणि अंधार यांचा भेद कळतो, आणि त्यावरून शरीर दिवसरात्रीची आणि ऋतूंची नोंद ठेवते. अंधार पडला की मेलाटोनिन नावाचा स्राव वाढतो आणि शरीराला रात्र झाल्याचे कळते. हे आपल्यात घडते तसेच त्यांच्यातही घडते. या प्राण्याला पापण्या मिटूनही माथ्यावरचा दिवा पूर्णपणे टाळता येत नाही.

यावर कोणी म्हणेल, घरातली पाल तर रात्री ट्यूबलाइटशेजारीच असते, तिला कुठे त्रास होतो? पाल दिव्याकडे उजेडासाठी जात नाही. दिव्याकडे येणाऱ्या किड्यांसाठी जाते. पोट भरले की ती फोटोच्या चौकटीमागे अंधारात निघून जाते. पेटीतल्या प्राण्याला असे निघून जाण्याची मोकळीक नसते. स्वतःहून उजेडात येणे आणि उजेडात कोंडले जाणे या दोन गोष्टी भिन्न आहेत.

आता साधनांकडे वळू. उजेडाविना ऊब देणारे सर्वांत रूढ साधन म्हणजे सिरॅमिक हीटर. दिसायला बल्बसारखाच, पण काचेऐवजी चिनीमातीचा. तो तापतो, उजळत नाही. घेताना चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, तो आट्यांचा असतो. आपल्या घरांतील पिनांच्या होल्डरमध्ये बसत नाही. पिनांना जोडणारा प्लॅस्टिकचा जोड लावून काम भागवू नये. त्याचा पृष्ठभाग दोनशे अंशांच्याही वर तापतो. प्लॅस्टिक अथवा बॅकेलाइटचा होल्डर त्या उष्णतेने वितळतो किंवा तडकतो, आणि आगीचे निमित्त होते. होल्डर चिनीमातीचाच हवा, वायर उष्णता सोसणारी हवी. दुसरी, त्याभोवती जाळीचा पिंजरा हवा, म्हणजे अजगर त्याला विळखा घालणार नाही की सरडा त्यावर चढणार नाही. तिसरी, प्राणी आणि हीटर यांत निदान एक फुटाचे अंतर ठेवावे. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, तो थर्मोस्टॅटशिवाय कधीही लावू नये. बल्ब चालू आहे की नाही ते दिसते. सिरॅमिक हीटर काळ्या तव्यासारखा असतो, तापला की नाही ते डोळ्यांना कळत नाही आणि हात लावून पाहण्याची सोय नाही.

थर्मोस्टॅटची तार पेटीत जेथे टेकवतो तेथलेच तापमान तो जाणतो. ती तार प्राण्याच्या उंचीवर, उबेच्या बाजूस, घट्ट बांधावी. ती निसटून पेटीबाहेर पडली तर थर्मोस्टॅट खोलीचा गारठा मोजत बसेल आणि हीटर अखंड तापत राहील. म्हणून वेगळा थर्मामीटर पेटीत कायम असावाच. यंत्रावर विश्वास ठेवावा, पण साक्षीदारही ठेवावा.

किती वॅटचा घ्यावा, हा प्रश्न नेहमी येतो. दोन फुटी पेटीला साठ वॅट, तीन फुटीला शंभर, हा ढोबळ अंदाज. पण खरे उत्तर आपल्या खोलीवर अवलंबून आहे. समजा, पहाटे खोलीत १४ अंश आहेत आणि साठ वॅटच्या हीटरने पेटीचा तळ २१ अंशांवर राहतो, तर त्या हीटरने ७ अंशांची भर घातली. बिअर्डेड ड्रॅगनला एवढे पुरे. बॉल पायथनला नाही. मात्र मोठा हीटर घेण्याआधी पेटीच्या तीन बाजूंना बाहेरून थर्मोकोलचे पत्रे लावून पाहावेत आणि हवेसाठीची जाळी मोकळी ठेवावी. पुष्कळदा तेवढ्यानेच दोन-तीन अंश मिळतात. थर्मोकोल हीटरच्या जवळपास मात्र येऊ देऊ नये. सर्व मांडणी झाल्यावर प्राणी आत न ठेवता एक अख्खा दिवस व रात्र ती चालवून पाहावी, आणि मगच प्राणी आत सोडावा. ऊब पेटीच्या एकाच टोकाला असावी, म्हणजे नको असेल तेव्हा प्राण्याला दुसऱ्या टोकाला जाता येते.

खर्चाची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. शंभर वॅटचा हीटर सलग दहा तास चालला तर एक युनिट वीज लागते. थर्मोस्टॅट त्याला मधून मधून थांबवतो, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहूनही कमी.

दुसरे साधन म्हणजे पेटीखाली अंथरावयाची तापणारी चटई. ती हवा फारशी तापवत नाही, जमीन तापवते. बिळात राहणाऱ्या अजगरासाठी ती चालते. पण तळाच्या एक तृतीयांशाहून अधिक जागा तिने व्यापू नये, ती काचेच्या बाहेरून असावी आणि तिलाही थर्मोस्टॅट हवाच. पेटीत ठेवावयाचे ‘तापणारे दगड’ मिळतात, ते मात्र घेऊ नयेत. खालून हळूहळू चढणाऱ्या उष्णतेपासून हे प्राणी वेळीच दूर होत नाहीत; पोट भाजत असतानाही ते तेथेच बसून राहतात. पशुवैद्यांकडे येणाऱ्या भाजल्याच्या तक्रारींत या दगडांचा वाटा जुना आहे.

स्लायडर कासवाचे काम सर्वांत सोपे. त्याला रात्री वरून उष्णता देण्याची गरजच नाही. मत्स्यपेटीत वापरतात तो पाण्यातला हीटर, त्याच्या अंगच्या थर्मोस्टॅटसह, पुरेसा असतो. साधारणपणे एका लिटर पाण्याला एक वॅट या हिशेबाने घ्यावा. काचेच्या नळीवर कासव आदळून ती फुटू नये म्हणून तिला प्लॅस्टिकचे संरक्षक वेष्टण हवे. आणि पाणी बदलण्यापूर्वी हीटरचा प्लग काढून दहा-पंधरा मिनिटे थांबणे, हा नियम घरातील प्रत्येकाला पाठ असावा. पाण्याबाहेर तापलेली नळी तडकते. तडकलेली नळी पाण्यात आणि हात पाण्यात, म्हणजे जिवावरचा खेळ. वायरिंगला अर्थिंग आहे की नाही हे वायरमनकडून एकदा तपासून घ्यावे. जुन्या वाड्यांत ते पुष्कळदा नसते.

आता देवघरातल्या झीरोच्या बल्बविषयी. नावाने तो शून्य वॅटचा असला तरी जुन्या तऱ्हेचा झीरो बल्ब प्रत्यक्षात बारा ते पंधरा वॅट वीज खातो. उजेडाच्या दृष्टीने तो रात्र बिघडवण्याइतका प्रखर आणि उबेच्या दृष्टीने ग्वाल्हेरची थंडी अडवण्यास असमर्थ. म्हणजे दोन्हीकडून तोटा. त्याची जागा देवघरात आहे, ती त्याला तेथेच असू द्यावी.

वीज गेली तर काय, ही चिंता आपल्या गावांतून अस्थानी नाही. घरी इन्व्हर्टर असेल तर हिवाळ्यात पंखे बंद असल्यामुळे एका हीटरचे ओझे काही तास तो सहज पेलतो. नसेल तर शेकण्याच्या रबरी पिशवीत ऊन पाणी भरून, टॉवेलात गुंडाळून ती पेटीच्या एका कोपऱ्यात ठेवावी आणि पेटीवर जाड रग घालावा. अर्थात हीटरचा प्लग काढल्यानंतरच, कारण मध्यरात्री वीज परत येईल तेव्हा रग हीटरवर असता कामा नये. एक-दोन रात्रींच्या गारठ्याने निरोगी प्राणी सहसा दगावत नाही. कोळशाची शेगडी मात्र बंद खोलीत कदापि ठेवू नये. तिच्या विषारी वायूने प्राणीच काय, माणसेही झोपेतून उठत नाहीत. दर हिवाळ्यात अशा बातम्या आपण वाचतोच.

व्यवस्था बरोबर आहे की नाही, हे प्राणी स्वतःच सांगतो. फक्त पाहणारा हवा. दिवसा भरपूर ऊन-ऊब देऊनही तो खात नसेल, खाल्लेले अन्न तसेच बाहेर टाकत असेल, तोंड उघडे ठेवून श्वास घेत असेल, कासव पाण्यात एका बाजूला कलून तरंगत असेल, तर गारठ्याने छाती धरली असण्याचा संभव आहे. अशा वेळी घरगुती उपायांत दिवस न घालवता पशुवैद्य गाठावा. उलट रात्रभर प्राणी पेटीच्या थंड टोकाला चिकटून बसत असेल, तर ऊब जास्त होत आहे. आणि दिवसा निरुत्साही, रात्री अस्वस्थ असा त्याचा क्रम असेल, तर प्रथम खोलीतील दिव्यांकडे पाहावे. दूरदर्शन संच रात्री बारापर्यंत जेथे चालतो त्या बैठकीच्या खोलीत पेटी ठेवली असेल, तर पेटीवरचा दिवा मालवूनही रात्र होत नाही. जागा बदलणे शक्य नसेल तर निदान काळ्या कापडाचा पडदा पेटीच्या दर्शनी बाजूस सोडावा.

दिवसाच्या दिव्याला एक टायमर जोडून टाकला की सकाळी ठरल्या वेळी तो लागतो आणि संध्याकाळी ठरल्या वेळी मालवतो; बारा तास उजेड आणि बारा तास अंधार हा सोपा हिशेब बहुतेकांना मानवतो. टायमर नसेल तर हे काम मुलावर सोपवावे. रोज संध्याकाळी दिवा मालवणे, थर्मामीटर पाहून आकडा वहीत टिपणे आणि हीटर चालू असल्याची खात्री मोठ्यांकडून करून घेणे, एवढे आठ-दहा वर्षांचे मूल सहज करू शकते. आपल्या घरांतून दिवेलागणीला मुलांच्या हातून काही ना काही होत आले आहे. त्यात दिवा मालवण्याच्या या कामाची भर पडली तर काही बिघडत नाही.

हे सारे एका थंडीपुरते नाही. नीट सांभाळलेले स्लायडर कासव वीस-तीस वर्षे जगते. आज आठ वर्षांच्या मुलाने आणलेले कासव त्याच्या लग्नाच्या वेळीही त्याच घरात असू शकेल. इतकी वर्षे ज्याला आपण चार काचांच्या आत ठेवणार आहोत, त्याच्या वाट्याचे रान, नदी आणि ऊन आपण काढून घेतले आहे. त्यांची भरपाई आपल्याला पुरतेपणी करता येणार नाही. रात्र मात्र आपण त्याला देऊ शकतो, आणि ती देण्यासाठी बटण बंद करण्यापलीकडे काही करावे लागत नाही.

दिवसाच्या दिव्याविषयी, विशेषतः अतिनील किरण देणाऱ्या नळीविषयी आणि खिडकीच्या काचेतून आलेले ऊन का पुरत नाही याविषयी, पुष्कळ सांगण्यासारखे आहे. ते पुढील अंकी. तोपर्यंत वाचकांनी एवढे करावे: आज रात्री निजण्यापूर्वी पेटीपाशी जाऊन पाहावे. तेथे दिवा जळत असेल तर एक थर्मामीटर आत ठेवावा, आणि खरी उणीव उबेची आहे की अंधाराची, हे उद्या पहाटे स्वतःच ठरवावे.